बुडबुडे थांबेपर्यंत

विजेच्या तारा अजून गावोगाव पोचल्या नव्हत्या, त्या काळातली ही गोष्ट. समुद्राकाठच्या एका गावात एक उंच दीपखांब होता आणि त्याच्या टोकाला गॅसचा दिवा होता. मासेमारीला गेलेल्या होड्या त्या दिव्याकडे पाहून खडक चुकवत आणि घरी येत. पण वरचा वारा असा द्वाड की दिवा घडोघडी विझे. दर वेळी काडेपेटी घेऊन वर चढणार कोण? म्हणून खांबाच्या पायथ्याशी, एका खोपटात, ठिणगीपेटी ठेवलेली असे.

या पेटीत केसाएवढ्या बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी असे. वेढ्यांच्या थराथरांत कागद आणि सगळ्यावर ओतलेलं राळ घातलेलं मेण. बॅटरीची मवाळ वीज त्या गुंडाळीत शिरली की चवताळून बाहेर पडे. खाली कळ दाबली की वर दिव्यापाशी ठिणगी उडे आणि दिवा पेटे.

अशी पेटी बनवणारे गावात दोघंच होते, केरोबा आणि चांगुणा. दर हंगामाच्या आधी गावकरी दोघांच्या पेट्या पाहून एक निवडत. ज्याची पेटी खोपटात बसे, त्याच्या दारात हंगामातला पहिला मासा वाजतगाजत जाई. गेली सात वर्षं तो मासा चांगुणेच्या दारात जात होता.

केरोबाच्या पोटात दुखायला हे पुरेसं होतं. मासा काय, बाजारातही मिळतो. पण वाजंत्री त्याच्या दारावरून पुढं जाई तेव्हा तो आत बसून कानात बोटं घाली. त्याची पेटी दिसायला आरशासारखी आणि चांगुणेची वरून खडबडीत, ठिगळ लावल्यासारखी. तरी पूर्वी बसवत तेव्हा त्याची पेटी दोन महिन्यांत मान टाकी आणि तिची हंगामभर चाले. याचं कारण तो तिला एकदाही विचारायला गेला नाही. आपल्याहून दहा वर्षांनी लहान बाईला विचारायचं म्हणजे नाक कापून हातात देण्यासारखं, असं त्याला वाटे.

विचारायची लाज होती, चोरून पाहायची नव्हती. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून! आठव्या वर्षी हंगाम जवळ आला तसा एका दुपारी केरोबा चांगुणेच्या घरामागं गेला आणि कुडाच्या फटीला डोळा लावून उभा राहिला.

आत चुलीवर मेणाचं पातेलं होतं. चांगुणेनं गुंडाळी त्यात बुडवली आणि शेजारी बसून पावटे सोलायला घेतले. थोड्या वेळानं पातेल्यात बुडबुडे येऊ लागले. केरोबाचे डोळे चमकले. ही मेण उकळते तर! बुडबुड्यांतच सगळी ताकद आहे. आणि बाई पावटे सोलत बसली म्हणजे पुढं पाहण्यासारखं काही उरलेलं नाही.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा तो घरी पळाला. त्यानं चुलीत लाकडं कोंबली, मेणाला फेस येईपर्यंत उकळी आणली, ते फेसाळतं मेण गुंडाळीवर ओतलं आणि लवकर गोठावं म्हणून पेटी गार पाण्यात धरली. वरचा भाग असा चकाकला की त्यात त्याला आपल्या मिशा दिसल्या.

निवडीच्या दिवशी दोन्ही पेट्यांनी सणसणीत ठिणगी टाकली. केरोबानं चांगुणेच्या पेटीच्या खडबडीत माथ्यावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “घाईचं काम दिसतंय.” लोक हसले. चकाकीला भुलून गावकऱ्यांनी या वर्षी त्याची पेटी बसवली. मासा त्याच्या दारात आला. वाजंत्र्यांना त्यानं मुद्दाम चांगुणेच्या घरावरून वळसा घालायला लावला. ती दारातच बसली होती. तिनं वाजंत्र्यांना पाणी दिलं, आणि केरोबाला ते फार झोंबलं.

दीड महिन्यानं एका दुपारी अचानक आभाळ भरलं. होड्या समुद्रातच होत्या आणि त्यातल्या एका होडीवर केरोबाचा धाकटा भाऊ धर्मा होता. वादळामुळं दुपारीच लावलेला दिवा वाऱ्यानं विझला. केरोबानं खोपटात धाव घेऊन कळ दाबली. वर काहीच झालं नाही. पेटीच्या पोटात मात्र चट् चट् वाजलं आणि जळक्या मेणाचा वास सुटला. त्यानं पुन्हा पुन्हा कळ दाबली. पेटी आतल्या आत कडकडत राहिली. बाहेर अंधारून येत होतं आणि धर्माला खडक दिसणार नव्हते.

एक क्षण केरोबा तसाच उभा राहिला. तिच्या दारात जायचं म्हणजे साऱ्या गावासमोर हरायचं. मग त्याला धर्माची आठवण आली आणि तो धावत सुटला.

“चांगुणा, तुझी पेटी दे,” तो दारातून म्हणाला. “माझी जळाली.”

चांगुणेनं फळीवरची पेटी उचलली आणि त्याच्याबरोबर पळत आली. पहिल्यांदा कळ दाबताच दिवा पेटला. विझला की कळ, विझला की कळ, असं दोघं आळीपाळीनं करत राहिली. एकेक होडी किनाऱ्याला लागली. धर्माची सगळ्यांत शेवटी आली. तिला पाहून केरोबा वाळूत बसला आणि रडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपली पेटी फोडली. आत मिऱ्याएवढ्या पोकळ्या होत्या आणि एकीतून दुसरीत गेलेली जळकी काळी रेघ. ते तुकडे त्यानं चांगुणेसमोर ठेवले.

“मी फटीतून पाहिलं होतं,” तो खाली मान घालून म्हणाला. “तू केलंस तसंच केलं. बुडबुडे आणले.”

“दादा, ते आणायचे नसतात, जाऊ द्यायचे असतात,” चांगुणा म्हणाली. “कागदाच्या थरांत हवा असते, ती निघत होती. मंद आचेवर शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत बसायचं. मग गरम राखेत ठेवून हळूहळू निवू द्यायचं. निवताना माथा खचतो, तिथं पुन्हा मेण घालायचं. म्हणून माझी पेटी वरून ओबडधोबड. हवेची एक पोकळी आत राहिली तरी वीज तिथनंच वाट काढते. तुम्ही बुडबुडे थांबेपर्यंत पाहिलंत का?”

केरोबानं नकाराची मान हलवली.

“आणि फटीतून कशाला?” ती म्हणाली. “मेणाच्या धुरानं जीव गुदमरतो माझा. पुढचं दार दिवसभर उघडंच असतं.”

पुढच्या हंगामाच्या आधी केरोबा त्या दारातून आत गेला. दुपारभर पातेल्याजवळ बसून त्यानं चांगुणेचे दोन शेर पावटे सोलून दिले, तेव्हा कुठं शेवटचा बुडबुडा निघाला.

या गोष्टीचं तात्पर्य: जळणारा माणूस भिंतीची फट शोधतो, त्याला उघडं दार दिसत नाही, आणि फटीतून मिळालेली विद्या नेहमी अर्धीच असते.