बारा दहाचा मुहूर्त

सभापती धनाजीराव शितोळ्यांची नवीकोरी गाडी देवळापुढे उभी होती. हार चढला, नारळ फुटला, गुरुजींनी चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. मुहूर्त होता बारा दहाचा. पण धनाजीरावांच्या पायाला दम कुठला! गाडीत बसल्या बसल्या त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीनं उडी घेऊन अंगणवाडीच्या कुसुमताईंची उभी मोपेड आडवी केली.

धनाजीरावांनी झटकन गाडी मागे घेतली आणि वर देवळापाशी बंदोबस्ताला असलेल्या हवालदारांकडे बघून आरडाओरडा केला, "हवालदार, ही बाई माझ्या उभ्या गाडीवर आदळली! मोपेड जमा करा!"

कुसुमताई धावत पुढे आल्या. मोपेड गेली तर डोंगरापलीकडच्या अंगणवाडीत जायचं कसं? भोवती सगळी सभापतींचीच माणसं. गुरुजीसुद्धा नारळाच्या शेंडीकडे बघत राहिले.

"दादा," त्या म्हणाल्या, "गाडी जागची हललीच नाही?"

"मुहूर्ताआधी? एक इंचसुद्धा नाही! देवाशप्पथ!"

"मग हवालदारसाहेब, जरा वाकून बघा. न हललेल्या गाडीखाली लिंबांचं सरबत केलं कुणी?"

हवालदार वाकले. चारही लिंबं पापडासारखी चपटी झाली होती.

"हिच्या धक्क्यानं..." धनाजीराव चाचरले.

"माझ्या मोपेडच्या? अहो, चढावर तिलाच मी ढकलते!"

हवालदारांनाही हसू आवरेना. बारा दहाला दोनच मिनिटं उरली होती.

"मुहूर्त चुकवू नका, दादा," ताई म्हणाल्या. "पहिली फेरी गॅरेजला."

बरोबर बारा दहाला हार घातलेली गाडी निघाली. उघड्या डिकीतून मोपेडचं वाकडं हँडल बाहेर डोकावत होतं.