पॉलिश केलेल्या नळ्या

घाटमाथ्यावरच्या एका बाजारगावात गजाबा नावाचा मिस्त्री राहत होता. गाड्या दुरुस्त करणारे गावात आणखी चौघे होते, पण ब्रेकचं काम निघालं की ट्रकवाले गजाबाचंच दार गाठायचे. गाव संपलं की सात मैलांची उतरण लागायची, अकरा वळणांची. त्या उतरणीवर ब्रेक लागत नसेल तर बाकीची गाडी काय जाळायचीय?

गजाबाच्या दुकानाची एक रीत होती, त्याच्या बापाने घालून दिलेली. ब्रेकचं काम झालं की पहिल्यांदा घाट उतरताना मिस्त्रीच्या घरचं माणूस गाडीत बसायचं. आधी गजाबाची आई बसायची. ती गेल्यावर बायको हौसा बसू लागली. मांडीवर नारळ घेऊन ड्रायव्हरशेजारी बसायची, खाली घाटदेवीपाशी नारळ फोडायची आणि वर येणाऱ्या एसटीने घरी यायची. वीस वर्षं तिने हेच केलं. हौसा चढली म्हणजे काम पक्कं, मग ड्रायव्हर दुसरं काही विचारत नसे.

त्याच गावात भालचंद्रशेठ म्हणून गुळाचे व्यापारी होते. त्यांनी शौक म्हणून एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. वय पन्नास वर्षं, पण पळायला लागली की कुणाचं ऐकायची नाही. थांबवताना मात्र शेठचा पाय भरून यायचा. चारही चाकांना जुने ड्रमचे ब्रेक. चार वळणं उतरेपर्यंत तापायचे आणि धरायचेच नाहीत.

शेठ म्हणाले, "मिस्त्री, हिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवा. रविवारी खाली तालुक्याला जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे. जमेल तोवर?"

"जमेल का म्हणून काय विचारता, शेठ? रविवारी सकाळी गाडी घाट उतरली नाही, तर ही मिशी काढून देईन."

हे तो चहाच्या टपरीवर बोलला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. संध्याकाळपर्यंत मिशीची गोष्ट बाजारभर झाली.

काम त्याने मन लावून केलं, त्यात खोट नव्हती. नव्या डिस्क चाकाच्या तारांमधून चकचकायला लागल्या. राहिल्या फक्त पुढच्या दोन रबरी नळ्या, वीत-वीतभर लांब. ब्रेकचं तेल त्यांच्यातूनच चाकाकडे जातं. नव्या डिस्कला दाब जास्त लागतो, आणि तो सगळा दाब त्या नळ्यांवर येतो. जुन्या नळ्या गाडीच्याच वयाच्या होत्या. वाकवल्या की बारीक चिरा दिसायच्या. गजाबाने शहरातून नव्या मागवल्या होत्या. शनिवारी पार्सल आलं, उघडलं, तर माप चुकलेलं.

"शेठ, पंधरा दिवस थांबा." एवढंच बोलायचं होतं. चार शब्द. पण त्या चार शब्दांच्या आड मिशी आली.

गजाबाने बुटाचं काळं पॉलिश आणलं आणि जुन्या नळ्यांना बोटाने चोळून लावलं. चिरा भरल्या. नळ्या नव्यासारख्या दिसायला लागल्या. एका उतरणीपुरत्या टिकतील, असं त्याने स्वतःला सांगितलं.

रविवारी सकाळी शेठ आले. वाकून बघितलं.

"सगळं नवं?"

"सगळं नवं."

निम्मा बाजार बघायला जमला होता. शेठची आई गोदाक्का पण आली होती, पंचाहत्तरीची बाई, काठी टेकत. हौसा धुतलेलं लुगडं नेसून, नारळ घेऊन बाहेर आली आणि रोजच्यासारखी दाराला हात घालून बसायला निघाली. तेवढ्यात गजाबाने तिचा दंड धरला.

"आज तू राहू दे," तो म्हणाला. "गाडीत दोनच जागा. आज आक्कांना बसू दे. पोराची गाडी, पहिला मान आईचा."

लोकांना फार आवडलं. गोदाक्काचे डोळे भरून आले. तिने गजाबाच्या डोक्यावर हात ठेवला. "असं कुणाला सुचतं, बाबा? सुखी राहा." गजाबाने वाकून आशीर्वाद घेतला. मग आक्काला धरून गाडीत बसवलं आणि परत येऊन हौसाचा दंड धरून उभा राहिला.

नळीला पॉलिश लावलं ते वाईटच. पण त्याहून वाईट हे झालं. बायकोला मागे ओढलं आणि तिच्या जागी दुसऱ्याची आई ठेवली. त्याने ठरवून केलं नसेल, हात आपोआप पुढे गेला असेल. पण कुणाला वाचवायचं ते त्या हाताला बरोबर कळत होतं.

हौसा जागची हलली नाही. आपल्या दंडावरची नवऱ्याची बोटं बघत राहिली. नखं काळी होती. मिस्त्रीची नखं काळी असायचीच, पण वास वेगळा येत होता.

"हे ऑइल नाही," ती म्हणाली. "बुटाचं पॉलिश आहे. आपल्या घरात बूट कोण घालतं?"

गजाबाने तिचा दंड सोडला.

"वीस वर्षं मला चढवलंत. उसाच्या ट्रकात चढवलंत, पोटुशी होते तेव्हा चढवलंत. आजच कसं काय उतरवलंत?"

हौसा सरळ गाडीकडे गेली. "आक्का, उतरा. ही जागा माझी आहे." आक्का गोंधळली, पण उतरली. हौसा बसली, नारळ मांडीवर घेतला, दार लावलं आणि समोर बघत म्हणाली, "चला, शेठ."

शेठने गाडी चालू केली.

"थांबा," गजाबा म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. गाडी हातभर पुढे सरकली. तेव्हा तो धावत जाऊन तिच्या नाकापुढे उभा राहिला. "थांबा. नळ्या जुन्या आहेत. मी वरनं पॉलिश लावलंय."

शेठला वाटलं, चेष्टा करतोय. गजाबाने त्यांना खाली उतरवलं, हौसालाही उतरवलं. स्वतः आत बसला आणि सगळ्यांदेखत ब्रेकवर पूर्ण जोराने पाय मारला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा फट्‌ असा आवाज झाला आणि पायडल सरळ तळाला गेलं. उजव्या चाकाखाली तेल पसरायला लागलं. गाडी जागच्या जागी उभी होती, सपाट रस्त्यावर.

कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, न्हाव्याला बोलावू का?" कुणी हसलं नाही. म्हणणारासुद्धा खाली बघायला लागला.

शेठ पहिल्या वळणाकडे बघत उभे राहिले. तिथला कठडा दोन वर्षांपासून पडलेला होता.

गोदाक्का काठी टेकत गजाबासमोर आली. ती तोंडात मारेल असं त्याला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मघाशी मी तुला आशीर्वाद दिला," ती म्हणाली.

"हो, आक्का."

"तू वाकून घेतलास."

एवढंच बोलून ती घराकडे चालायला लागली.

मिरवणूक हुकली. मिशी गजाबाने त्याच दुपारी काढली, कुणी मागितली नव्हती तरी. सोळाव्या दिवशी बरोबर मापाच्या नळ्या आल्या. त्या बसवताना त्याने शेठना शेजारी बसवून घेतलं आणि जुन्या नळ्या त्यांच्यासमोर कापून टाकल्या. काम झालं. हौसा नारळ घेऊन बाहेर आली, पण बसली नाही.

"हात," ती म्हणाली.

गजाबाने शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे केले. लोक बघत होते. हौसाने ते उलटेसुलटे करून बघितले, नखांचा वास घेतला, आणि मगच गाडीत बसली. गाडी अकराही वळणांवर सांगितल्या जागी थांबत खाली गेली, आणि घाटदेवीपाशी नारळ फुटला.

तेव्हापासून दुकानाची रीत बदलली. गाडी कुठलीही असो, आधी हात दाखवायचे, मग हौसा बसणार. गजाबाची मिशी केव्हाच परत वाढली. पण हात पुढे करताना त्याची मान अजून वर होत नाही.

तात्पर्य: ज्या कामावर आपलं माणूस बसवायला आपला जीव धजत नाही, ते काम झालेलं नाही, ते तोंडाने कबूल करा, आपल्या माणसाच्या जागी दुसऱ्याची आई बसवू नका.