शिरपानं तोल सांभाळला

खाडीच्या अल्याड एका गावात शिरपा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? त्याची आई त्याला लहानपणापासून 'माझा दगड' म्हणायची, आणि तो 'ओ' द्यायचा.

अशा माणसाचं लग्न झालं, हे एक नवल. बायको मंजुळा, खाडीपल्याडची. हुशार, हसरी, आणि तिचा शिरपावर जीव होता. हे दुसरं नवल. तिचा बाप अंतोबा मात्र लवंगी मिरची. एकदा तो घरच्यांना घेऊन जत्रेला निघाला. जाताना जावयाला म्हणाला, "जावईबापू, जरा घराकडे बघा."

शिरपा अंगणात बसला आणि घराकडे बघत राहिला. दिवसभर बघितलं. त्याच्या पाठीमागं बैल सुटला. त्यानं वैरण खाल्ली, परसातली वांगी खाल्ली, वाळत घातलेलं अंतोबाचं धोतरही चघळलं. अंतोबा परत आला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, तुम्ही करत काय होतात?"

"घराकडे बघत होतो, मामंजी. घर जागेवर आहे."

पुढं मंजुळा बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगा झाला. अंतोबानं निरोप धाडला, "जावयाचं डोकं ठिकाणावर आलं तरच मायलेकरं पाठवीन. बारशापर्यंत वाट बघतो. नाहीतर मुलगी माझी आणि नातूही माझा."

शिरपानं डोकं चाचपून बघितलं. ठिकाणावरच होतं. तरी त्याच्या घशाखाली घास उतरेना. पोराचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं बिचाऱ्यानं.

आई म्हणाली, "अरे दगडा, रडतोस काय? बंदरावर जा. चिनी वैद्याला डोकं दाखव."

बंदरावर एक चिनी वैद्य राहायचा. फार वर्षांपूर्वी गलबतातून उतरला, इथली सोलकढी प्यायला आणि परत गेलाच नाही. त्याचं नाव लिन. गावाच्या तोंडी ते लिनबुवा झालं. दारावर त्यानं एक गोल पाटी टांगली होती. अर्धी काळी, अर्धी पांढरी. काळ्यात पांढरा ठिपका, पांढऱ्यात काळा.

लिनबुवांनी शिरपाच्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली. मग म्हणाले, "जीभ बाहेर काढ."

शिरपानं काढली.

"डोक्यात काही रोग नाही तुझ्या," लिनबुवा म्हणाले. "एवढंच ध्यानात ठेव. तो समोरचा डोंगर बघ. एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली. डोंगर एकच. आमच्याकडे सावलीच्या अंगाला यिन म्हणतात, उन्हाच्या अंगाला यांग. थंड, काळं, गप्प ते यिन. गरम, उजळ, बोलकं ते यांग. माणसात दोन्ही असतात. एक फार वाढलं की दुखणं आलंच. म्हणून गरम वाढलं तर थंड द्यावं, थंड वाढलं तर ऊब द्यावी. तोल सांभाळावा. कळलं?"

"अअं," शिरपा म्हणाला.

"जीभ आत घे की!"

"तुम्ही सांगितलंच नाही," शिरपा म्हणाला. "बरं, ध्यानात ठेवतो. गरमाला थंड."

आणि तसाच होडीत बसून सासुरवाडीला गेला.

तिथं मंजुळा बाळंतिणीच्या खोलीत, बाजेवर. दार बंद, खिडकी बंद. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, शेगडीत ओवा टाकलेला. शिरपानं दार ढकललं. गरम वाफ तोंडावर आली. बाप रे, शिरपा म्हणाला, केवढं हे यांग! त्यानं विहिरीवरची घागर आणली आणि शेगडीवर ओतली.

जो काय धूर झाला म्हणता! सुईण खोकत बाहेर आली, सासू खोकत बाहेर आली. मंजुळा खोकत होती की हसत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. पोराला घेऊन कुणी मागल्या दारानं पळालं, त्यामुळं शिरपाला ते दिसलंच नाही. सुईणीनं त्याला केरसुणीनं होडीपर्यंत पोचवला.

परतीच्या वाटेवर शिरपा बंदरावर उतरला. "बुवा, चुकलं माझं. काय करायला हवं होतं?"

लिनबुवा ऐकून हळहळले. "अरे, बाळंतपणात बाईच्या अंगातली ऊब जाते. ती राखावी. नीट गुंडाळावं, झाकावं, वारा लागू देऊ नये."

"बरं, ध्यानात ठेवतो. गुंडाळायचं, झाकायचं."

दुसऱ्या दिवशी आईनं व्याह्याची समजूत काढायला ताजी सुरमई दिली. "अंतोबाला सुरमई फार आवडते. तुकडी बघून विरघळेल."

शिरपानं सुरमई गोधडीत गुंडाळली. वर घोंगडी घातली. घोंगडीवर स्वतः बसला. ऐन उन्हात होडीचा वारा लागू दिला नाही. होडीतली माणसं एकेक करून दुसऱ्या टोकाला सरकली. टोक पाण्याला लागलं तेव्हा होडीवाला ओरडला, "अरे, काय आणलंयस काय?"

"मामंजींना भेट," शिरपा म्हणाला. "ऊब राखलीय."

अंतोबानं गोधडी उघडली, आणि नाकाला उपरणं लावून जे पळाला, तो थेट विहिरीवर जाऊन थांबला. शिरपाला पोर दिसलं नाही ते नाहीच.

"बुवा, चुकलं माझं. काय करायला हवं होतं?"

"अरे, मासळी का झाकतात? ती गारव्याला ठेवायची. सावलीत, पाण्यात."

"बरं, ध्यानात ठेवतो. सावलीत, पाण्यात."

तिसऱ्या खेपेला आईनं बारशासाठी टोपलीभर बत्तासे दिले. शिरपानं टोपलीला दोरी बांधली आणि होडीच्या सावलीत, पाण्यात सोडली. पलीकडे पोचून टोपली अंतोबापुढं ठेवली. टोपलीतून खारं पाणी गळत होतं, आणि आत एक खेकडा बसला होता.

"हे काय?" अंतोबा म्हणाला.

"बत्तासे."

"कुठायत?"

शिरपानं आत वाकून बघितलं. "मघाशी होते. ह्याला विचारा."

अंतोबानं नको तो शब्द वापरला. तो इथं सांगत नाही, पोरंबाळं ऐकताहेत.

"बुवा, चुकलं माझं. काय करायला हवं होतं?"

लिनबुवांनी कपाळ चोळलं. त्या दिवशी स्वतःलाच त्यांनी कसलासा काढा करून घेतला होता. मग शिरपाला ओढतच पाटीपुढं नेलं. "हे बघ. तू प्रत्येक वेळी एकच बाजू धरतोस. नुसतं गरम, नाहीतर नुसतं थंड. तसं जगात काही नसतं. पांढऱ्यात थोडं काळं असतं, काळ्यात थोडं पांढरं असतं. तरच ते पुरं."

शिरपाचा चेहरा एकदम उजळला. "अहो, ही तर तीट! पोराच्या गोऱ्या गालाला आपण काजळाची तीट लावतो ना, दृष्ट लागू नये म्हणून? तीच ही!"

"बरोबर!" लिनबुवांना इतका आनंद झाला की त्यांनी शिरपाची पाठ थोपटली. थोपटायला नको होती.

बारशाच्या आदल्या दिवशी अंतोबाचं घर नुसतं झगमगत होतं. भिंतींना नवा चुना. शिरपा येताना होडीला फासायचं डांबर घेऊन आला होता. पांढऱ्याशुभ्र भिंतीच्या मधोमध त्यानं ताटाएवढी तीट लावली. मग गोठ्यात जाऊन काळ्या म्हशीच्या कपाळावर चुन्याचा ठिपका दिला. म्हशीला तो शोभला, खोटं कशाला बोला. तेवढ्यात अंतोबा परीटघडीचं धोतर नेसून, पाठमोरा उभा राहून मांडव बघत होता. शिरपाला वाटलं, सासऱ्यांनाच का वगळा?

धोतराला चिकटलेलं डांबर काही निघत नाही. अंतोबाही ते सोडवायला थांबला नाही. त्यानं शिरपाची गचांडी धरली आणि दातओठ खात म्हणाला, "जावईबापू, उद्या बारसं. पोरगी रडते म्हणून शेवटची संधी देतो. उद्या शहाण्या माणसासारखे वागलात, तर संध्याकाळी पाळण्यातलं बाळ उचला आणि बायकोला घेऊन चालू लागा. एक जरी चूक झाली, तरी पुन्हा ह्या खाडीत होडी घालू नका."

शिरपा बंदरावर आला तो डोळे पुसतच. ह्या वेळी त्यानं 'चुकलं माझं' म्हटलं नाही. नुसता ओट्यावर बसला. म्हणाला, "बुवा, मला माझं पोर पाहिजे. मंजुळा पाहिजे. मला समजत नाही हो काही."

लिनबुवांना भडभडून आलं. ते त्याच्या शेजारी बसले. "उद्या तू काहीच करू नकोस, शिरपा. फार धावपळ झाली तुझी. कोपऱ्यात गप्प बस. तुझं म्हणून जे देतील, तेवढंच घे."

"बरं, ध्यानात ठेवतो. गप्प बसायचं. माझं तेवढं घ्यायचं."

आणि बारशाला शिरपा खरंच गप्प बसला. कुणी पान दिलं, खाल्लं. कुणी पाणी दिलं, प्यायला. अंतोबानं बायकोला हळूच म्हटलं, "सुधारला की गं!"

मग बायका पाळण्याभोवती जमल्या. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला घालतात. तोच, पाट्यावर चटणी वाटायचा. त्याला टोपडं घातलं, कुंची घातली, काजळ लावलं. एकीनं पाळण्याखालून दिला, दुसरीनं वरून घेतला. "घ्या हो बाळ!" "द्या हो बाळ!" सगळ्या लाडानं हसत होत्या. मग वरवंट्याला पाळण्यात निजवलं, झोका दिला, आणि खऱ्या बाळाला आणायला सगळ्या आतल्या खोलीत गेल्या.

कोपऱ्यातून शिरपा हे बघत होता. त्यानं पोर पहिल्यांदाच बघितलं होतं. रंगानं आजोबांवर गेलं होतं. पाळण्यातलं बाळ उचला, असं मामंजी म्हणालेच होते. तो उठला. पाळण्याशी गेला. उचललं.

अंग कसं भरीव! शिरपाची छाती फुगली. मग त्यानं गालाला गाल लावला.

गाल थंडगार होता.

त्यानं पोराला हलवलं. पोर गप्प. त्यानं हाक मारली. पोर गप्पच. थंड, काळं, गप्प. शिरपाच्या पायांखालची जमीन सरकली. पोर सगळंच्या सगळं यिन झालं होतं!

त्यानं कुंचीसकट बाळाला सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि धूम ठोकली. होडीवाल्याला म्हणाला, "वल्हव! माझं पोर गार पडलंय!" होडीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं अशी होडी हाणली की भाड्याचीसुद्धा आठवण राहिली नाही.

इकडे बायका बाळ घेऊन बाहेर आल्या. पाळणा रिकामा. जावई गायब. अंतोबा ओरडला, "अरे, आता वरवंटा पळवला!" आणि सगळं बारसं होड्या मिळतील तसं खाडीत उतरलं. दुसरं धोतर बैलानं चघळलेलं, म्हणून अंतोबा तेच डांबराचं धोतर सावरत पुढं, मंजुळा डोक्याला फडकं गुंडाळून, बाळाला पदराखाली घेऊन मागं.

बंदरावर शिरपानं लिनबुवांपुढं गाठोडं धरलं. त्याला धाप लागली होती. "बुवा, ऊब द्या ह्याला. वाटभर छातीशी धरलं, तरी गरम होत नाही. रडत नाही, दूध मागत नाही."

लिनबुवांनी सवयीनं तीन बोटं ठेवली. मग टोपडं बाजूला केलं. बोटानं टकटक करून बघितलं.

"शिरपा," ते अगदी हळू म्हणाले, "हा दगड आहे रे."

"असू दे!" शिरपा ओरडला. तो ढसाढसा रडत होता. "मला तरी आई काय म्हणते? दगडच म्हणते ना? म्हणून टाकलं का तिनं मला? दगड असला तरी माझा आहे. औषध द्या त्याला!"

एव्हाना दारात सगळी मंडळी येऊन उभी राहिली होती. अंतोबानं शिव्यांसाठी उघडलेलं तोंड मिटलं. त्यानं उपरण्यानं डोळे टिपले आणि धोतराला शिव्या दिल्या.

"बाबा," मंजुळा म्हणाली, "मी ह्यांच्याबरोबर घरी चालले."

"जा बाई," अंतोबा म्हणाला. "ह्याच्या हातात नातू दिला तर तो जिवापाड सांभाळील, एवढं समजलं मला."

मंजुळा पुढं झाली. "अहो, हे घ्या," म्हणाली, आणि पदराखालचं बाळ तिनं शिरपाच्या मोकळ्या हातावर ठेवलं. बाळ गोरं, गरम, लालबुंद. त्यानं बापाकडं एकदा बघितलं आणि भोंगा पसरला.

शिरपानं ह्या हाताकडं बघितलं. त्या हाताकडं बघितलं. मग पाटीकडं बघितलं. एक काळा, एक गोरा. एक थंड, एक गरम. एक गप्प, एक रडका. काळ्याच्या टोपड्याला पांढरी लेस, गोऱ्याच्या गालाला काळी तीट.

"अगं मंजुळे!" तो म्हणाला. "जुळी झाली, आणि मला कुणी सांगितलं नाही?"

उरलेलं बारसं लिनबुवांच्या ओट्यावर झालं. अंतोबानं वरवंटा परत मागून बघितला. घरी पाटा एकटाच पडला होता, चटणी कशानं वाटायची? पण शिरपा हटून बसला. म्हणाला, "बुवांनी सांगितलंय, तोल मोडायचा नाही." लिनबुवांनी आकाशाकडं बघितलं.

संध्याकाळी तो घरी आला. मंजुळेच्या कडेवर एक, त्याच्या कडेवर एक. आईनं दारातच दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, धाकट्याचा मुका घेतला, आणि शिरपाच्या कडेवर तिची नजर गेली.

"बाई गं, वरवंटा! बरं केलंस रे. आपला पार झिजलाय. आण इकडे, चार मिरच्या वाटून घेते."

"आये, हळू बोल," शिरपा कुजबुजला. "थोरला आत्ताच झोपलाय."