आनंदाचा बाप्तिस्मा

क्रूसधारी योद्ध्यांच्या मठात जेवताना कुणी बोलायचं नाही, फक्त पराक्रमाची बखर ऐकायची, असा दंडक होता. त्या दिवशी पंगतीला बिशप होते. बखरकार वेंझेल स्वतःचंच लिखाण वाचत होता, "घनघोर युद्ध झालं, रक्ताचे पाट वाहिले. मग गावानं आनंदानं बाप्तिस्मा घेतला."

सरदार गेर्लाखनं पंगतीला वाढत असलेल्या, त्याच गावच्या म्हाताऱ्या तुलगेला दंडाला धरून पुढं ओढलं. "सांग बिशपांना, बाप्तिस्म्याला आनंदानंच आलात ना?"

"आलो असू, धनी," तुलगे म्हणाला. "पण आम्ही आनंदानं आलो, तर तुम्ही लढलात कुणाशी?"

घास हातातच राहिले. गेर्लाखला एकदम दंडक आठवला. "जेवताना बोलायचं नाही! वेंझेल, पुढं वाच!"

वेंझेलनं पान उलटलं. पुढचं गावही आनंदानंच आलेलं होतं. स्वतःचंच अक्षर, पण वाचायला त्याची जीभ रेटेना.