स्वतःलाच वाढवायला निघालेली विदुषी

एकदा एका विदुषीने स्वतःलाच पुन्हा वाढवायचे ठरवले. देहातल्या एका कणापासून त्याच देहाचे मूल जन्माला घालण्याची विद्या ती दूरदेशी शिकून आली होती. तिने तसे केले. तेच नाक, तीच हनुवटी, कपाळावर केसांचा तोच हट्टी भोवरा. इतर आयांना मूल का रडते हे शोधावे लागते. आपल्याला ते आतूनच कळेल, असे तिला वाटले होते. आपल्या बालपणी जे जे चुकले, ते या खेपेला दुरुस्त होईल, असेही वाटले होते. प्रत्यक्षात मुलगी सात वर्षांची झाली, तेव्हा दोघींचे एकही वाक्य भांडणावाचून पुरे होत नव्हते.

भांडण हाताचे होते. विदुषी जन्माची डावखुरी. तिच्या लहानपणी डाव्या हाताने जेवणे म्हणजे अनाचार. पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढले की बोटांवर पट्टी बसे. ती ते विसरली नव्हती. म्हणून मूल होताच तिने प्रतिज्ञा केली, की हिचा डावा हात कोणी अडवणार नाही. डाव्या हाताची कात्री आली, लिहायचे मेजही तसेच करून घेतले. आणि मुलगी निघाली उजव्या हाताची!

देह एकच असला तरी हात वेगळा निघू शकतो, हे तिच्या शास्त्रालाही ठाऊक होते. तिला मात्र पटत नव्हते. हे आजूबाजूच्यांचे पाहून लागलेले वळण आहे, असे तिचे ठाम मत. मुलीने उजव्या हातात पेन्सिल धरली, की विदुषी अतिशय प्रेमळपणे ती काढून डाव्या हातात देई. पुन्हा पुन्हा देई. शेवटी मुलीने लिहिणेच सोडले.

तेव्हा विदुषी मुलीला घेऊन आपल्या जुन्या शिक्षिकेकडे गेली. ही वृद्धा गावाबाहेर एक लहानशी निवासी शाळा चालवी. सगळे तिला नुसते ‘बाई’ म्हणत. लहानपणी विदुषीला डाव्या हाताने लिहायची मोकळीक होती, ती एकट्या बाईंच्या घरात.

“बाई, हिला ठेवून घ्या. मी हरले,” विदुषी म्हणाली.

“अगं, झालं तरी काय?”

“काय व्हायचं राहिलंय? मला जे मिळालं नाही ते सगळं हिच्यापुढे आणून ठेवलं, आणि ही बया ढुंकून बघत नाही! परक्याचं मूल असतं तर समजलं असतं. ही मीच आहे हो!”

बाई मुलीकडे वळल्या. “इथं राहायला आवडेल का गं तुला?”

“आवडेल तिला,” विदुषी म्हणाली. “मला त्या वयात इथंच राहावंसं वाटायचं.”

“भूक लागलीय?”

“लागली असणार. मला या वेळेला लागायचीच.”

मुलीने बाईंकडे पाहून नुसते खांदे उडवले.

संध्याकाळी पंगत बसली. बाई स्वतः वाढत होत्या. विदुषीच्या पानात त्यांनी मऊ वरणभात वाढला, त्यावर चमचाभर साखर पेरली आणि ठेच्याची वाटी उचलून लांब ठेवली.

“बाई, ठेचा हवाय मला.”

“तुला सोसत नाही. डोळ्यांत पाणी येतं.”

“ते लहानपणी!”

“मला सांगतेस? मी ओळखते तुला.” आणखी भात पडला.

“बाई, पुरे!”

“पोट भरलं नाही अजून तुझं.”

आपल्याकडे आग्रहाची रीतच अशी, की समोरच्याची भूक वाढणाऱ्यालाच अधिक कळते. तेवढे विदुषीने सोसले. पण मग बाईंनी तिचे उजवे मनगट धरून मांडीवर ठेवले आणि डावा हात पानात नेला. “डाव्यानं जेव. इथं कोणी रागावणार नाही.”

पंगतीतली मुले घास हातात धरून पाहू लागली. बाईंच्या मानाखातर विदुषीने डाव्या हाताने एक घास उचलला. अर्धा पदरावर सांडला. मुलगी फिसकन हसली.

“हे काय चालवलंय, बाई?” विदुषी कडाडली. “मला आता उजव्याची सवय आहे. मला नाही जेवायचं डाव्या हातानं!”

बाईंनी मनगट सोडले. “मग डावा हात नेमका कुणाला हवा आहे गं?”

बाई विदुषीच्या शेजारी बसल्या.

“तुझ्यावर अन्याय झाला होता. मी पाहिलाय तो. पण तो या मुलीवर झालेला नाही. तिला न झालेल्या जखमेवर तू रोज पट्टी बांधतेस आणि तिनं ती सोडली की चिडतेस. तुझ्या वडीलधाऱ्यांनी तुला विचारलं नाही, कारण त्यांना वाटे, पोरीला काय कळतंय. तू हिला विचारत नाहीस, कारण तुला वाटतं, मला सगळं कळतंय. मनगट धरलं जातं ते दोन्हीकडे सारखंच. देह तुझ्यासारखा असेल तिचा. दिवस तिचे तिलाच काढायचेत.”

विदुषीजवळ उत्तरे पुष्कळ होती. त्यांतले एकही न देता तिने जेवण संपवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विदुषीला न्यायला गाडी आली. ती मुलीला ठेवून जायला आली होती; रात्रीतून तिला परत न्यावेसेही वाटू लागले होते. तिने दोन्हींपैकी काहीच केले नाही. ती पायरीवर मुलीशेजारी बसली आणि म्हणाली, “इथं राहायचं, की माझ्याबरोबर यायचं? तू म्हणशील तसं.”

मुलीने तिच्याकडे संशयाने पाहिले. “मी म्हणेन तसं? की मग तूच सांगणार, मला काय हवंय ते?”

“नाही सांगणार.”

“मग मला विचार करावा लागेल. वेळ लागेल हं.”

मुलीला काय हवे, याचे उत्तर विदुषीच्या ओठांपर्यंत आले होते. ते तिने गिळले.

“लागू दे,” ती म्हणाली. तिने गाडीवाल्याला परत पाठवले आणि ती वाट पाहत बसून राहिली.