‘बस’ म्हणायला कुणी गेलं नाही

फार वर्षांपूर्वी, आमच्या धोटेवाडीत घरोघरी हातमाग चालायचे तेव्हाची ही गोष्ट. विणकर भाड्याच्या खोल्यांत राहायचे आणि दर दिवाळीला भाड्यावरून भांडणं पेटायची. ती मिटवायची ठकूआत्या. स्वतः विणकरीण, एकटी, भाड्याच्याच खोलीत राहणारी.

तिची रीत साधी होती. मालकाला भाडेकरूच्या खोलीत न्यायचं आणि म्हणायचं, "बस." तिऱ्हाइताने ‘बस’ म्हटलं की मालकाने दिवस मावळेपर्यंत तिथे बसायचं, असा गावाचा कायदाच झाला. मालक बसला की आभाळ कोरडं असतानाही छप्पर गळायचं, विझलेली चूल धुरायची, असं म्हणतात. भाडेकरू खोटं रडत असला तर मात्र थेंबही पडत नसे. संध्याकाळी मालक आपण होऊन वाजवी भाडं सांगायचा.

मग एका वर्षी नागोशेटने आत्याच्याच खोलीचं भाडं दुप्पट केलं. निम्मी आळी त्याच्या मालकीची.

"चल, बस," आत्या म्हणाली.

"तू तर भांडणातलीच, आत्या," तो हसून म्हणाला. "तिसरं कुणी येऊन म्हणू दे. बसतो की."

कायद्याने बरोबरच बोलला मेला. आत्या दारोदार गेली. "एवढं एक म्हणायला या रे," म्हणाली. जिने आमची घरं राखली तिच्यासाठी एकजण उठला नाही. सांगताना अजून लाज वाटते. सगळे नागोशेटला भ्यायले होते, पण तसं कबूल कुणी केलं नाही. प्रत्येकाने काहीतरी कारण काढलं.

आत्या माग तिथेच टाकून निघून गेली. दुसऱ्या सकाळी रिकाम्या खोलीत माग आपोआप चालू लागला, असं म्हणतात. आळीभर खटखट. नागोशेट कुलूप काढून आत गेला आणि कुणी न सांगता बसला. मावळतीला बाहेर आला तो जुन्याहूनही कमी भाडं पुटपुटत. ऐकायला आत्या नव्हती. मग सगळा गाव तिला शोधत धावला. ती सापडली नाही.

ती खोली आम्ही भाड्याने देत नाही. दर दिवाळीआधी आत्याच्या नावाने प्रत्येक घरातलं एक माणूस तिथे दिवसभर बसतं. बसण्याआधी आपल्या घराने तेव्हा सांगितलेलं कारण मोठ्याने म्हणायचं. कुणाकडे पाहुणे आले होते, कुणाची म्हैस व्यायली होती. आमच्या खापरपणजोबांनी ताप सांगितला होता.

गेल्या वर्षी माझी पाळी होती. उंबऱ्यात उभा राहून मी म्हणालो, "ताप होता." मग रीतीप्रमाणे पुढचंही म्हणालो.

"नव्हता."