डालग्याखालचा पाटील

आत्ता ज्या खडकावर टेकलाय ना, तिथून जरा सावलीला सरका आणि ऐका. फार वर्षांपूर्वी, खडकाईचं देऊळ नुसतं चार दगडांचं होतं तेव्हा, या तळखडा गावात धुरपा नावाची बाई राहायची. नवरा नव्हता, मूल नव्हतं. परसात कोंबड्या होत्या, तेवढंच तिचं गोकुळ.

चैत्र सरला की इथलं ऊन कसं पेटतं ते तुम्हाला सांगायला नको. पण धुरपाच्या परसात कोंबड्यांना उन्हाळा कळायचाच नाही, असं म्हणतात. कडुनिंबाखाली ती सकाळीच सडा मारायची. मातीचं पसरट भांडं, परळ, ओल्या मातीत अर्धं पुरून त्यात पाणी ठेवायची आणि ऊन चढलं की बदलायची. खुराड्यावर पळसाची पानं, त्यावर ओलं गोणपाट. लोळायला राखेचा खड्डा. दाणे टाकायची ते उजाडताना आणि दिवस कलल्यावर. भरल्या पोटी कोंबडी जास्त तापते, म्हणून भर दुपारी फक्त टरबुजाची साल. गावातल्या बाया हसायच्या, "धुरपे, सासूची तरी एवढी सेवा केली होतीस का गं?"

धुरपा म्हणायची, "सासूला तोंड होतं, ती पाणी मागायची."

आता गावाची तऱ्हा ऐका, आणि संताप आला तर येऊ द्या, यायलाच हवा. वैशाखात खडकाईची जत्रा. घरटी एक कोंबडी देवीला. कोंबड्या सकाळीच आणायच्या, त्याही पाय धरून, डोकं खाली लोंबकळत. इथेच, या उघड्या खडकावर, एकेकीला डालग्याखाली झाकायचं. डालगं म्हणजे बांबूचं मोठं टोपलं, उलटं घातलेलं. पालखी निघायची दिवस कलताना. तोवर कोंबड्यांना पाण्याचा थेंब नाही! का? तर देवीच्या आधी पाणी प्यायली तर कोंबडी उष्टी झाली म्हणे! हा कायदा भुजंगराव पाटलाचा, कारण जत्रेचा मान त्याच्या घराकडे. आणि पाटील स्वतः? मांडवाच्या सावलीत बसून ताक ढोसायचा. डालग्याखाली एखादी कोंबडी तडफडून मेली तर दोष उन्हाचा नाही, पाटलाचा तर मुळीच नाही. "तुमच्याच घरात काहीतरी खोट आहे," असं म्हणून तो त्याच घरातून दुसरी कोंबडी मागवायचा. आणि गाव मूग गिळून बसायचं.

त्या वर्षी धुरपाची तांबडी कोंबडी अशीच गेली. पाटलाची माणसं लगेच दुसरी न्यायला परसात आली. म्हाताऱ्या कोंबड्यांना त्यांनी हात लावला नाही. त्यांना हवी होती कवडी, ठिपक्याठिपक्यांची, अंगानं भरलेली. कवडीची पिलं नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती, आईच्या पंखाखालून निघायलासुद्धा शिकली नव्हती. धुरपा आडवी आली. "अवो, दुसरी कुठलीबी न्या, पण हिला नगा नेऊ. पिलं मरतील!"

कोण ऐकतो? कवडी उलटी लोंबकळत गेली आणि पिलं चिवचिवत राहिली.

धुरपानं पिलं शेजारणीच्या पदरात टाकली, तांब्याभर पाणी घेतलं आणि तरातरा निघाली. खडकावर आली. डालग्याच्या फटीतून पाहिलं, तर कवडीची चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, गळा धडधडतोय. धुरपानं डालगं उचललं तोच मांडवातून पाटील गरजला, "ए धुरपे! देवीची कोंबडी उष्टी करतेस?"

"उष्टी?" धुरपा कडाडली. "सकाळी देवीवर घागरी ओतल्या नव्हं? मंग देवी कवाच पाणी प्याली! आता तहान कुणाची ऱ्हायली, सांगा की पाटील!"

पाटील मांडवातून उठून आला. त्यानं तांब्या हिसकावला आणि पाणी खडकावर ओतलं. चर्र झालं आणि पाणी नाहीसं झालं.

धुरपानं मग तांबडीचं रिकामं डालगं ओढलं, गुडघे छातीशी घेऊन खडकावर बसली आणि डालगं स्वतःवर झाकून घेतलं. "माझी कवडी पाणी पील तवाच मी उठीन," एवढंच बोलली.

असं म्हणतात, त्या दिवशी गावातले सगळे कोंबडे भर दुपारी आरवायला लागले ते थांबेचनात. ढोल ऐकू येईनात. दिवस कलायचं नाव घेईना. शेवटी पाटलानं पालखी उचलायला सांगितली, तर पालखी जागची हलेना! भोई बदलले, तरी हलेना. तेवढ्यात डालग्याखालून धुरपाचा सुकलेला आवाज आला, "पाटलाला बसवा हितं. मंग उचलंल."

इतकी वर्षं गप्प बसलेलं गाव त्या दिवशी पुढे सरसावलं. पाटलाला खांद्याला धरून खडकावर बसवलं. पोट मावेना तरी डालगं दाबून घातलं. जरा वेळ गेला असेल नसेल, आतून ओरडा आला, "पाणी! अरे, पाणी द्या!"

"देवीच्या आधी?" शेजारच्या डालग्याखालून धुरपा म्हणाली. "उष्टं व्हाल की, पाटील!"

"कोंबड्यांना द्या! सगळ्यांना द्या! पण मलाही द्या!"

कवडीची चोच पाण्यात बुडाली आणि पालखी आपसूक भोयांच्या खांद्यावर चढली, असं म्हणतात. धुरपानं मात्र डालगं बाजूला सारलं, पालखीकडे वळून पाहिलं नाही. कवडीला छातीशी धरून ती घरी गेली, पिलांकडे.

तेव्हापासून तळखड्यात कुणी कोंबडी उलटी धरून नेत नाही. पाहुण्यानं नेली तर बायका त्याला भर रस्त्यात सोलून काढतात. पिलांची आई देवीला मागत नाहीत. जत्रेचा मांडव आता कोंबड्यांवर असतो. आणि मान? तो अजून पाटलांच्याच घराकडे आहे. दर वैशाखात त्या घरचा कर्ता पुरुष बोडक्या डोक्यानं या खडकावर डालग्याखाली बसतो आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पाणी मागतो. गेल्या खेपेला त्यानं टोपी घालून बसायचा बेत केला होता. गावानं टोपी काढायला लावली. त्यानं पाणी मागितलं की धुरपाच्या नावानं घागरी निघतात आणि आधी सगळ्या कोंबड्यांपुढे फिरतात. पाटलाकडे पाणी शेवटी येतं.